ठपका आणि कैफियत

गेल्या दिवाळींत माझा एक जुना विद्यार्थी नमस्कारासाठीं घरीं आला. बी. ए. च्या वर्गांत त्यानें माझ्यापाशीं इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास केला होता; पुढें कायद्याची पदवी व सनद मिळवून धाराशिवच्या जिल्हा न्यायालयांत त्यानें नुकताच काळा कोट अंगावर चढविला आहे. त्या वेळीं आमचे नेहमींचे स्नेही बैठकींत होते : एक डॉक्टर, एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक आणि एक सेवानिवृत्त अभियंते. ‘कोणतीं कामें घेतोस?’ असें मुख्याध्यापकांनीं सहज विचारलें. मुलगा जरा संकोचून म्हणाला, ‘गुरुजी, सध्यां चौकशीचीं कामें जास्त घेतों. निलंबित शिक्षक, ग्रामसेवक, परिचारिका, क्वचित् एखादे डॉक्टर. ज्यांच्यावर आपल्या पेशांत गैरवर्तन केल्याचा ठपका आहे अशा लोकांचीं.’ क्षणभर कोणीच कांहीं बोललें नाहीं. मग अभियंते हंसून म्हणाले, ‘म्हणजे दुसऱ्यांचीं पापें धुण्याचा धोबीघाट घातलास म्हणेनास!’ मुलगा फराळाचें ताट अर्धें टाकून उठला. तो दाराबाहेर पडतांच तिघांनींही मला एकमुखानें बजावलें, ‘प्रोफेसर, तो तुमचें ऐकेल, त्याला या वाटेवरून वेळींच परत फिरवा.’

मीं त्याला परत फिरविलें नाहीं. उलट, त्यानें धरलेली वाट ही वकिलीच्या आरंभासाठीं उत्तम वाटांपैकीं एक आहे, अशी माझी खात्री आहे. ज्या सुशिक्षित कुटुंबांतून असे वकील निपजतात आणि ज्या कुटुंबांवर असे ठपके येतात तीं कुटुंबें निराळीं नसतात. म्हणून हा वाद आमच्या बैठकींत न मिटवितां वाचकांपुढें मांडणें मला इष्ट वाटतें.

प्रतिपक्षावर अन्याय होऊं नये म्हणून त्याचें म्हणणें आधीं सांगतों. आक्षेप तीन आहेत. पहिला असा कीं, जो निर्दोष आहे त्याला वकिलाची गरज काय? सत्य आपल्या पायांवर उभें राहतें; कुबडी लागते ती असत्याला. दुसरा असा कीं, डॉक्टर, शिक्षक, वकील, हिशेबतपासनीस हे समाजांतले जाणते आणि समर्थ लोक. रोगी, विद्यार्थी, अशील हे विश्वासानें त्यांच्या हातीं आपली मान देणारे. त्या विश्वासाचा घात झाल्याचा आरोप असतां समर्थाच्या बाजूला जाऊन उभें राहणें म्हणजे दुबळ्याकडे पाठ फिरविणें. आणि तिसरा असा कीं, हें काम करावयाचेंच असेल तर तें पिकल्या केसांच्या वकिलानें करावें. कोंवळ्या वयांत रोज सबबी ऐकणाऱ्याचें मन सबबी रचणारें बनतें. नव्या माणसानें वाटपाचे, वहिवाटीचे, बांधाचे दावे चालवावेत. त्यांत पैसा आहे आणि अब्रूही आहे.

हे आक्षेप पोरकट नाहींत. ते भल्या माणसांचे आहेत आणि बहुतेक सुशिक्षित घरांत ते बोलून दाखविले जातात. म्हणूनच त्यांचा एकेक करून समाचार घेतला पाहिजे.

पहिल्या आक्षेपाचा विचार करतांना एक विचित्र गोष्ट ध्यानांत घ्यावी. आपल्या राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदानें अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा व त्याच्याकरवीं बचाव करण्याचा हक्क दिला आहे. तो गरीब असला तर १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणें त्याला सरकारी खर्चानें वकील मिळतो. म्हणजे तुळजापूरच्या यात्रेंत भाविकाचें पाकीट मारणाऱ्याला वकील आहे. परंतु त्याच तालुक्यांतील एखाद्या तलाठ्यावर दप्तरांत खाडाखोड केल्याचा ठपका आला आणि खात्याची चौकशी सुरू झाली, तर महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ यांप्रमाणें त्याला साहाय्यासाठीं दुसरा सरकारी नोकर घेतां येतो. वकील घेतां येतो तो दोनच प्रसंगीं : खात्याची बाजू मांडणारा स्वतः वकील असला तर, किंवा शिस्तभंगाचा अधिकार असलेल्या वरिष्ठानें प्रकरणाचें स्वरूप पाहून परवानगी दिली तर. फौजदारी खटल्यांत आरोप निःसंशय शाबीत व्हावा लागतो. चौकशींत संभवनीयतेचें पारडें एका बाजूला झुकलें कीं पुरें होतें. पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर निर्बंधही तेथें लागू नाहींत. आतां दोघांचें जातें काय तें पाहा. पाकीटमाराचे कांहीं महिने तुरुंगांत जातात. तलाठ्याची नोकरी जाते, निवृत्तिवेतन जातें, मुलीची ठरत आलेली सोयरीक मोडते आणि ज्या गांवांत लोक उठून नमस्कार करीत त्या गांवांत पारावरचीं माणसें तो येतांना पाहून बोलणें थांबवितात. जेथें गमावण्याचें अधिक, तेथें पुराव्याची कसोटी सैल आणि सोबत्याची वाण. असा हा न्याय आहे.

असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेंही आला होता. मुंबईच्या बंदर विश्वस्त मंडळानें दिलीपकुमार नाडकर्णी या नोकराविरुद्ध चौकशी चालविली. मंडळाच्या बाजूनें कायद्याचे जाणकार अधिकारी उभे राहिले आणि नोकरानें वकील मागितला तेव्हां मात्र नकार मिळाला. १९८२ सालीं न्यायालयानें निर्णय दिला कीं, एका बाजूला शिकविलेला तलवारबहाद्दर आणि दुसऱ्या बाजूला निःशस्त्र माणूस अशा स्थितींत झालेली चौकशी नैसर्गिक न्यायाला धरून नाहीं. शब्द माझे आहेत; आशय न्यायालयाचा आहे. सरकारी नियम किती निर्दय होऊं शकतात याचाही एक दाखला देतों. मुंबई नागरी सेवा नियमांत एके काळीं अशी तरतूद होती कीं, खालच्या कोर्टांत शिक्षा झालेल्या निलंबित नोकराला, त्याचें अपील अद्याप चालू असलें तरी, निर्वाह भत्ता महिन्याला नाममात्र १ रुपया द्यावा. अपील चालवावयाचें, घर चालवावयाचें आणि हातांत रुपया! ही तरतूद सर्वोच्च न्यायालयानें १९८३ सालीं रद्द ठरविली. ती आपोआप रद्द झाली नाहीं. कोणीतरी वकिलानें एका ‘डागाळलेल्या’ माणसाचें वकीलपत्र घेतलें, म्हणून ती गेली.

येथें मला एक कबुली द्यावयाची आहे. सुमारें वीस वर्षांपूर्वीं एका महाविद्यालयांत ग्रंथालयाच्या सहायकावर सदतीस पुस्तकें गहाळ केल्याचा ठपका आला आणि तिघांच्या चौकशी समितींत माझी नेमणूक झाली. गृहस्थ मितभाषी, चार माणसांत बोलतांना अडखळणारा. त्यानें पहिल्याच बैठकींत लेखी विनंती केली कीं, मला माझी बाजू नीट मांडतां येत नाहीं, तरी वकील घेण्याची परवानगी असावी. आम्हीं ती नाकारली. आणि नाकारतांना ‘तुम्ही निर्दोष असाल तर वकिलाची गरज काय?’ हें वाक्य ज्याच्या तोंडून निघालें तो मीच. तीन बैठकींत काम आटोपलें. पुस्तकें नोंदवहींत होतीं, कपाटांत नव्हतीं. यापलीकडे आम्हीं कांहीं पाहिलें नाहीं. ‘बांधणीला... बांधणीला...’ असें तो दोनदां म्हणाला होता. आम्ही ती सबब समजलों. त्याला कामावरून काढण्यांत आलें. दीड वर्षानें इमारतीला रंग देतांना एका बंद खोलींतून पुस्तकांचा गठ्ठा निघाला. बांधून आलेलीं तींच सदतीस पुस्तकें. वर बांधणाऱ्याची पावती. बांधणीची वही निराळी होती आणि ती कोणीं मागितलीच नव्हती. सहा महिन्यांच्या नव्या वकिलानेंही पहिल्या दिवशीं ती वही मागितली असती.

त्याला परत बोलावण्यांत आलें, पण तो आला नाहीं. तो सोलापुरांत एका कापडाच्या दुकानीं हिशेब लिहीत होता. मी मुद्दाम जाऊन भेटलों. त्यानें चहा मागविला, माझ्या मुलाबाळांची चौकशी केली आणि तो विषय मात्र मला काढूं दिला नाहीं. तेव्हांपासून ‘निर्दोषाला वकील कशाला?’ असें कोणी म्हणालें कीं मला माझाच आवाज ऐकूं येतो. सत्य आपल्या पायांवर उभें राहतें हें खरें असेल. परंतु तें आधीं कोणीतरी बंद खोलींतून बाहेर काढावें लागतें.

आतां दुसरा आक्षेप, जो पहिल्याहून भारी आहे : या कामांत समर्थाची बाजू घेतली जाते. मी विचारतों, ठपका येतो कोणावर? आपल्याच इतिहासांतलें एक प्रकरण पाहूं. १८८८ सालीं मध्य विभागाचा कमिशनर आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड याच्यावर लांचलुचपतीचे आरोप आले. मुंबईची क्रॉफर्ड मार्केट ज्याच्या नांवानें ओळखली गेली तोच हा साहेब. सरकारच्या अभयवचनावर विसंबून अनेक मामलेदारांनीं साक्ष दिली कीं, आम्हीं बढतीबदलीसाठीं पैसे भरले. चौकशी कमिशनपुढें साहेब लांच घेतल्याच्या मुख्य आरोपांतून सुटला. हाताखालच्या प्रदेशांतील लोकांकडून कर्ज काढल्याच्या दोषावर त्याची नोकरी गेली. साक्ष देणारे मामलेदार मात्र स्वमुखानें लांच दिल्याचें कबूल केलेले म्हणून कात्रींत सांपडले, आणि ‘यांना हांकलून द्या’ अशी ओरड सुरू झाली. त्या वेळीं टिळकांनीं ‘केसरी’तून व सभांतून या मामलेदारांचा कैवार घेतला. पुढें १८९४ सालीं बडोदें संस्थानच्या सेटलमेंट खात्यांतील अधिकारी रावसाहेब बापट यांच्यावर लांचाचे आरोप येऊन कमिशन बसलें, तेव्हां टिळक बडोद्यास जाऊन राहिले आणि मित्राच्या बचावाची तयारी करण्यांत त्यांनीं आपली कायद्याची विद्या खर्च केली. लांचखोरीविरुद्ध ज्यांची लेखणी सर्वांत तिखट, त्यांनींच आरोपितांचा बचावही केला. आणि या दोहोंत त्यांना विरोध दिसला नाहीं. कारण तो नाहींच.

ठपका हा पाण्यासारखा असतो. तो उताराकडे वाहतो. आमच्या जिल्ह्यांतील एखादें ग्रामीण रुग्णालय डोळ्यांपुढें आणावें. २०१८ सालीं निति आयोगानें देशांतील मागासलेल्या जिल्ह्यांची जी ‘आकांक्षित’ यादी केली तींत महाराष्ट्राचे चार जिल्हे होते, त्यांतील हा एक; तेव्हां याचें सरकारी नांव उस्मानाबाद होतें. पावसाळ्यांत रात्रीं अकरा वाजतां शेतावरून साप चावलेलें पोर आणलें जातें. सर्पविषावरची लस संपलेली आहे. डॉक्टर एकच, आणि तो प्रसूतीच्या खोलींत आहे. पोराला सोलापूरकडे पाठविण्यासाठीं गाडी यावयास पाऊण तास लागतो. पोर दगावतें. सकाळीं दारांत जमाव जमतो, पुढारी येतात, वार्ताहर येतात. आणि सायंकाळपर्यंत कोणाला तरी निलंबित केल्याखेरीज जमाव हलत नाहीं. निलंबित कोण होते? बहुधा रात्रपाळीची परिचारिका. आतां तिच्या बाजूला कोणी उभा राहिला नाहीं तर चौकशी तिच्यापाशींच संपते. ‘कर्तव्यांत कसूर’ असे दोन शब्द लिहिले जातात आणि पुढच्या पावसाळ्यांत पुन्हा लस नसते. पण तिचा वकील साठ्याची नोंदवही मागेल, लसीच्या मागणीचीं पत्रें मागेल, तीं कोणाच्या टेबलावर किती आठवडे पडून होतीं तें विचारील, आणि ठपका उलट्या दिशेनें, उतारावरून चढावर नेईल. हें त्या परिचारिकेपुरतें काम नाहीं; तें त्या मेलेल्या पोराच्या आईचें काम आहे. ज्याला आमचे अभियंते धोबीघाट म्हणतात तेथें कधीं कधीं डाग कोणत्या हातानें लावला याचा शोध लागतो.

‘परंतु दोष खरोखरच त्या पेशेवाल्याचा असला तर?’ असें आमचे डॉक्टर विचारतात. त्यांना मी त्यांच्याच पेशांतील एक प्रसिद्ध प्रकरण सांगतों. १९५३ च्या मे महिन्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतील पालशेत येथें समुद्रकांठीं अपघात होऊन एका वीस वर्षांच्या तरुणाच्या मांडीचें हाड मोडलें. त्याला पुण्यास आणून एका नामांकित शस्त्रवैद्याच्या रुग्णालयांत ठेवण्यांत आलें आणि थोड्याच दिवसांत तो वारला. वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनीं फिर्याद केली कीं, योग्य भूल न देतां, जादा जोर लावून हाड बसविल्यामुळें मुलाला धक्का बसला. जोशी विरुद्ध गोडबोले या नांवानें हें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. शस्त्रवैद्यांच्या बाजूनें प्रत्येक पायरीवर कसून बचाव झाला, आणि तरीही प्रत्येक पायरीवर निकाल त्यांच्याविरुद्ध गेला. नुकसानभरपाई ठरली ३,००० रुपये. रक्कम लहान होती, पण १९६८ च्या त्या निवाड्यांत वैद्यानें रोग्याला हातीं घेतांना, उपचार ठरवितांना आणि उपचार करतांना काय काळजी घेतली पाहिजे याची जी आंखणी झाली, ती पुढें असंख्य रोग्यांच्या उपयोगीं पडली. ती इतकी टिकली कां? कारण तिच्याविरुद्ध जें जें बोलण्यासारखें होतें तें सर्व बोललें गेलें होतें. कैफियत पुरी झाली म्हणून ठपका पक्का झाला. बचावाचा वकील नसता तर तो निकाल एका शोकाकुल बापाच्या समाधानापुरता राहिला असता. कायदा झाला नसता.

याहूनही कठीण प्रश्न मुख्याध्यापकांनीं विचारला आणि तो मी टाळणार नाहीं. शाळेंतील मुलीशीं गैरवर्तन केल्याचा आरोप असलेला शिक्षक तुझ्या विद्यार्थ्याकडे आला तर? हा प्रश्न ऐकून माझ्याही अंगावर कांटा येतो. मला दोन मुली आहेत. तरीही माझें उत्तर बदलत नाहीं, आणि त्याचें कारण दया हें नव्हे. खासगी शाळेंतील शिक्षकाला काढलें तर १९७७ च्या कायद्याप्रमाणें तीस दिवसांत त्याला शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करतां येतें. संतापाच्या भरांत समितीनें चौकशी चार दिवसांत उरकली, आरोप मोघम लिहिला, त्याला कागद दिले नाहींत, उलटतपासणी करूं दिली नाहीं, तर अपिलांत ती चौकशी सदोष ठरण्याचा धोका असतो; आणि मग तोच माणूस, प्रसंगीं मागील पगारासह, त्याच वर्गाच्या दारांत येऊन उभा राहतो. त्या मुलीनें काय करावयाचें? जी संस्था आरोपिताला पुरती संधी देते तीच त्याला कायमचा घालवूं शकते. म्हणून जो वकील पहिल्या दिवसापासून समितीला नियमानें चालावयास भाग पाडतो तो, त्याची इच्छा असो वा नसो, खऱ्या फिर्यादीचेंही रक्षण करतो.

डॉक्टरांनीं जातां जातां एक बाण मारला आणि तो वर्मीं लागला. ते म्हणाले, ‘१९९५ सालीं आम्हांला ग्राहक कायद्याखालीं आणलें, आणि २०२४ च्या मे महिन्यांत त्याच सर्वोच्च न्यायालयानें वकिलांना त्या कायद्याबाहेर ठेवलें. दुसऱ्यांच्या चौकशींत पोट भरणाऱ्यांची चौकशी कोण करणार?’ हा प्रश्न रास्त आहे. वकिलांची चौकशी त्यांचीच परिषद करते. मुंबईंत मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दारांत येणाऱ्या अशिलांवर झडप घालून वकीलपत्रें मिळविल्याचा ठपका कांहीं वकिलांवर आला होता. महाराष्ट्राच्या परिषदेनें त्यांना दोषी ठरविलें, अखिल भारतीय परिषदेनें सोडलें. तेव्हां राज्याच्या परिषदेला त्यावर अपील करण्याचा अधिकार तरी आहे काय, हा मुद्दा १९७५ सालीं सात न्यायाधीशांपुढें गेला. उत्तर मिळालें कीं, आहे. कारण परिषद ही वकिलांचा संघ नसून लोकांच्या वतीनें या पेशावर बसविलेली राखणदार आहे. तत्त्व सुंदर आहे. पण १९६१ च्या कायद्यानें शिस्तभंगाचीं प्रकरणें वर्षाच्या आंत निकालांत काढण्याचें जें बंधन घातलें आहे, तें पाळलें न गेल्यास राखणदार झोपला असें लोकांनीं म्हटलें तर त्यांना दोष देतां येणार नाहीं. माझ्या विद्यार्थ्याला मीं सांगितलें आहे कीं, ज्यानें दुसऱ्यांच्या कैफियती लिहिण्याचा धंदा पत्करला त्यानें स्वतःची कैफियत देण्याचीही तयारी ठेवावी.

राहिला तिसरा आक्षेप : हें काम म्हाताऱ्यांचें, आरंभ करणाऱ्याचें नव्हे. माझें मत नेमकें उलट आहे. वकिलीचा कायदा कॉलेजांत शिकतां येतो. पण कागद वाचावयास शिकवितें तें हेंच काम. हजेरीपट, साठावही, जावक क्रमांक, केसपेपरवरील वेळ, एका शाईंत लिहिलेलीं पांच दिवसांचीं टिपणें : येथें सत्य भाषणांत नसतें, समासांत असतें. शिवाय दुसऱ्या एका पेशाचें अंतरंग यांत उलगडतें. मांडीचें हाड कसें बसवितात हें कळल्याखेरीज शस्त्रवैद्याचा बचाव होत नाहीं. बांधाच्या दाव्यांत तरुण वकील मोजणीचा नकाशा शिकेल. येथें तो माणसें आपापलीं कामें कशीं करतात व कोठें चुकतात हें शिकेल.

आणि मन बिघडण्याचें भय? मन बिघडतें तें वाईट माणसाच्या सहवासानें नव्हे, जिंकण्याच्या हव्यासानें. १९३४ सालीं रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकांतील मजकुराबद्दल अश्लीलतेचा खटला झाला. संततिनियमनाच्या प्रचारापायीं गणिताची प्राध्यापकी गमावलेल्या त्या माणसाशीं ओळख दाखविण्यासही लोक कचरत असत. डॉक्टर आंबेडकरांनीं त्यांचें वकीलपत्र घेतलें. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. आज तो दंड करणाऱ्याचें नांव कोणाला ठाऊक आहे? इंग्लंडांत १७९२ सालीं थॉमस पेनचा बचाव केला म्हणून अर्स्किनला राजपुत्राकडील मानाची जागा सोडावी लागली आणि निकालही त्याच्याविरुद्धच गेला. तरी त्या देशाच्या वकिलवर्गानें आपला कणा कोठें आहे हें त्याच्याकडे पाहून ओळखलें. आपल्याकडील वकील परिषदेच्या नियमांतही हेंच तत्त्व लिहिलेलें आहे कीं, आरोपिताच्या अपराधाविषयीं स्वतःचें मत कांहींही असो, वकिलानें त्याचा निर्भयपणें बचाव करावा. आणि अमुकाचें वकीलपत्र कोणीं घेऊं नये असे वकीलसंघांचे ठराव सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं निरर्थक ठरविले आहेत.

हें काम सुखाचें नाहीं, हेंही कबूल केलें पाहिजे. निलंबित माणसाला अर्ध्या पगाराच्या मानानें निर्वाह भत्ता मिळतो. तो फी देणार कोठून? डॉक्टरांच्या गैरवर्तनाची चौकशी करणारी वैद्यक परिषद मुंबईंत. तेथें २००२ च्या नियमावलीप्रमाणें डॉक्टरला वकिलामार्फत बाजू मांडतां येते आणि सहा महिन्यांत निर्णय व्हावा असेंही त्या नियमावलींत लिहिलेलें आहे. पण परांड्याहून वा उमरग्याहून प्रत्येक तारखेला मुंबई गांठणें म्हणजे काय, हें एस. टी. च्या रात्रीच्या गाडीनें गेलेल्यालाच कळेल. उच्च न्यायालयाचें खंडपीठ १९८१ सालापासून मराठवाड्यांत आलें, तें आजच्या छत्रपती संभाजीनगरांत. त्यापूर्वीं तेंही काम मुंबईसच न्यावें लागे. आणि निजामी अमदानींत तर येथील कोर्टांची भाषा उर्दू. आरोपित एका भाषेंत रडत असे आणि निकाल दुसऱ्या भाषेंत लागत असे. आज भाषा मराठी झाली आहे. परंतु दोषारोपपत्राची मराठी एखाद्या ग्रामसेवकाच्या बायकोला वाचून दाखवा आणि तिला काय कळलें तें विचारा. त्या दोन मराठींच्या मध्यें दुभाष्या म्हणून उभा राहणारा तरुण या जिल्ह्याला हवा आहे. सगळे हुषार तरुण पुण्यामुंबईस जाऊन कंपन्यांचे करारनामे लिहूं लागले तर येथें तो कोठून मिळणार?

दिवाळीनंतर मीं त्या मुलाला घरीं बोलावलें, राहिलेला फराळ पुढें ठेवला आणि चार पथ्यें सांगितलीं. पहिलें : अशिलाला पहिला प्रश्न ‘तुम्ही काय केलें?’ हा विचार, ‘काय सांगावयाचें?’ हा नंतर. दुसरें : फिर्यादीची उलटतपासणी कर, बेअब्रू करूं नकोस, विशेषतः फिर्यादी मूल असेल, स्त्री असेल, किंवा ज्याचें माणूस मेलें आहे असा असेल तेव्हां. तिसरें : मागून मिळणारा प्रत्येक कागद माग, पण हातीं असलेला एकही नाहींसा होऊं देऊं नकोस. चौथें, आणि हें सर्वांत अवघड : ज्याचा दोष तुला स्वच्छ दिसतो त्याला ‘कबूल करा, आणि शिक्षेपुरतें बोलूं’ असें सांगण्याचें धैर्य ठेव, तो दुसऱ्या वकिलाकडे गेला तरी चालेल. त्यानें निमूटपणें ऐकून घेतलें आणि मग विचारलें, ‘सर, हीं पथ्यें पाळून पोट भरेल?’ मीं म्हणालों, ‘उशिरा भरेल.’ तो हंसला. त्याच्या पिशवींत त्या दिवशीं एका प्राथमिक शिक्षकाचे कागद होते. शालेय पोषण आहाराच्या तांदुळाचा हिशेब जुळत नाहीं, असा ठपका. तांदुळाची वही त्यानें मागितली आहे. ती अद्याप मिळालेली नाहीं.

आमच्या तीनही स्नेह्यांना मीं हा लेख वाचून दाखविला. मुख्याध्यापक अर्धे पटले. डॉक्टरांनीं मुलाचा पत्ता विचारून घेतला. कशासाठीं तें सांगितलें नाहीं, आणि मींही विचारलें नाहीं. अभियंते म्हणाले, ‘तरीसुद्धां माझ्या मुलाला मी हें करूं देणार नाहीं.’ त्यांच्यासाठीं आणि त्यांच्यासारख्या सर्व सद्गृहस्थांसाठीं माझें शेवटचें सांगणें इतकेंच : आपण सर्व पेशेवाईक माणसें आहों. आपल्यापैकीं कोणाच्याही घरीं उद्यां सकाळीं शिपाई एक बंद लखोटा आणून देईल आणि पोंच म्हणून सही मागेल. तो फोडून वाचल्यावर ज्याचें दार आपण शोधूं, त्याला आज आपल्या बैठकींतून अर्ध्या फराळावरून उठवूं नये.